पहिल्या घाण्याआधी

‘तुझ्या हाताला चव आहे गं, तू ऑर्डरी का घेत नाहीस?’ दिवाळीच्या फराळाच्या ताटावर हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही, असं मराठी घर शोधावं लागेल. म्हणणारा चकली मोडून मोकळा होतो. ऐकणारीच्या डोक्यात मात्र त्याच रात्री हिशेब सुरू होतो. भाजणी किती, तेल किती, पाकिटं कुठून आणायची, नाव काय ठेवायचं? आठवड्याभरात नाव ठरतं, भाच्याकडून बोधचिन्ह काढून घेतलं जातं, व्हॉट्सअ‍ॅपवर गट तयार होतो. ‘पैसे किती लागतील’ याचं उत्तर वहीत उतरतं. ‘काम किती पडेल आणि ते कोण करील’ हा प्रश्न वहीत येतच नाही, कारण त्याचं उत्तर घरानं आधीच देऊन टाकलेलं असतं: ‘अगं, आम्ही आहोत ना!’

भांडवल नाही म्हणून छोटे धंदे बसतात, असं आपण मानतो. बसतातही. पण घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात पुष्कळदा पैशाच्या आधी माणसं संपतात. पहिल्या महिन्यात सगळे हौसेनं निवडायला बसतात. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंचे गुडघे धरतात, मुलांच्या परीक्षा येतात, नवऱ्याची शिफ्ट बदलते. ऑर्डरी असतात, धान्य असतं, गॅस असतो. फक्त भाजायला कोणी नसतं. मग ‘जमलं नाही’ म्हणून धंदा बंद होतो आणि दोष नशिबाला जातो.

धंद्याला लागणारी मदत ही धान्याइतकीच मोजायची गोष्ट आहे. तिचे तास लिहायचे, तिच्यापुढे नाव लिहायचं आणि तिची किंमत पहिल्या पाकिटाच्या दरात धरायची. सुरुवातीला हे अवघड जातं. नंतर करायला गेलं तर ते जवळजवळ अशक्य होतं.

माळरानावरची माणसं

मराठी उद्योगाच्या इतिहासात मदतीची आखणी पाहायची असेल, तर किर्लोस्करांकडे पाहावं. १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव आणि रामुअण्णा या भावांनी सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत आणि तिथून सायकली पाठवत. बेळगावची विक्री रामुअण्णा पाहत. नोकरीचा पगार चालू, दुकानात घरचा माणूस, आणि दोघांची कामं वेगळी. लक्ष्मणराव नोकरी सोडून पूर्णवेळ धंद्यात आले ते नंतर. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान आणि कर्ज दिलं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली.

जागा आणि पैसा मिळाल्याची गोष्ट आपण नेहमी सांगतो. तिथे कोण कोण आलं, ते कमी सांगितलं जातं. वसाहत उभारायला रामुअण्णा. यंत्रांसाठी शंभुराव जांभेकर. हिशेबाला मंगेशराव रेगे. व्यवस्थापनाला के. के. कुलकर्णी, जे परीक्षांमध्ये फारसे चमकले नव्हते. शाळा अर्धवट सोडलेले पण यंत्ररचनेत डोकं चालणारे अनंतराव फळणीकर. पहाऱ्याला तर पूर्वी तुरुंगवास भोगलेली माणसं ठेवली होती. यातला प्रत्येकजण एका विशिष्ट कामासमोर उभा आहे आणि बहुतेकांची निवड पदवीवर झालेली नाही. लक्ष्मणरावांना स्वतःला यंत्रातलं उत्तम कळत होतं, तरी त्यांनी यंत्रांसाठीही माणूस घेतला आणि हिशेबासाठीही. आपल्याला जे येतं तेही आपण सगळंच करणार नाही, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

घरगुती भाजणीच्या धंद्याला किर्लोस्करवाडीचा दाखला मोठा वाटेल. आकार सोडा, रीत घ्या. कामांची यादी आधी, माणसांची नंतर.

चाळीस किलो, चाळीस तास

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. आपल्या गावच्या भावांप्रमाणे वाचकानं ते बदलून घ्यावेत.

थालिपिठाची भाजणी आठवड्याला चाळीस किलो करायची, अर्ध्या किलोची ऐंशी पाकिटं भरायची, असं धरू. बाजारातून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने आणायचे: तीन तास. निवडणं: पाच तास. भाजणं: घरच्या मोठ्या कढईत एका वेळी किलोभर, मंद आचेवर पंधरा मिनिटं, म्हणजे चाळीस घाणे आणि दहा तास. गिरणी: तीन तास, कारण आधीच्या दळणाचं पीठ आपल्या भाजणीत मिसळायला नको, तर गर्दी नसलेली वेळ गाठावी लागते. चाळणं, भांडी, ओटा, जमीन: चार तास. वजन, भरणं, पाकिटाचं तोंड चिकटवणं, लेबल लावणं: पाकिटाला तीन मिनिटं, एकूण चार तास. दुकानांत आणि घरोघर पोचवणं: सहा तास. फोन, निरोप, हिशेब, वसुली: पाच तास. बेरीज चाळीस.

म्हणजे एका माणसाची पूर्णवेळ नोकरी, आणि तीही सगळं सुरळीत चाललं तर. पाऊस लागला, गॅस संपला, गिरणीचा पट्टा तुटला, तर हे तास वाढणार. यात घरचा स्वयंपाक नाही, मुलांचा अभ्यास नाही, आजाऱ्याचं औषधपाणी नाही. धंदा सुरू झाला म्हणून ही कामं थांबत नाहीत. म्हणून यादीत पहिली ओळ अशी हवी: ‘आजवर घरी मी जे करत होते, त्यातलं काय आता मी करणार नाही, आणि ते कोण करील?’ ही ओळ लिहिताना घरात थोडा ताण येतो. तो उद्घाटनाआधी आलेला बरा.

पैशाकडे या. धान्य-डाळी किलोला ८० रुपये, दळण आणि गॅस २०, पाकीट-लेबल १५, पोचवणं १० धरलं तर खिशातून जाणारे १२५ झाले. भाजणी १८० रुपयांनी विकली की ५५ रुपये ‘सुटले’ असं वाटतं. चाळीस किलोंमागे चाळीस तास, म्हणजे किलोमागे एक तास. कामाला तासाला ७५ रुपये हा दर धरला तर खरा खर्च २०० रुपये होतो आणि प्रत्येक किलोवर २० रुपये तोटा आहे. हा तोटा दिसत नाही, कारण तो घरातली बाई स्वतःच्या श्रमातून भरत असते.

ऑर्डरी दुप्पट होतात आणि मदतीला बाई ठेवायची वेळ येते त्या दिवशी तो दिसतो. तिची मजुरी देणार कुठून? दरात ती कधी धरलीच नव्हती. दर एकदम वाढवावा तर जुनं गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, एवढ्यात चढल्या का तुम्ही?’ न वाढवावा तर प्रत्येक जास्तीच्या किलोबरोबर तोटा वाढतो. धंदा चांगला चालल्यामुळे बंद पडण्याचा हा प्रकार घरगुती उद्योगात नवा नाही. त्यावर उपाय एकच: पहिल्या दिवसापासून स्वतःची मजुरी दरात धरायची, आणि ती वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात काढून ठेवायची. आज ती आपली आहे. उद्या आपल्या जागी बसणाऱ्या मदतनिसाची आहे.

गच्चीवरचे पापड

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. यातून पुढे लिज्जत उभी राहिली, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. इथे पाहायची आहे ती त्यांची मदतीची व्यवस्था.

ऐंशी रुपये देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी पैशाबरोबर शिस्तही दिली. हिशेब नीट ठेवा, आणि स्वस्तातला दुय्यम पापड काढू नका. देणग्यांवर धंदा चालवायचा नाही, हेही पहिल्यापासून ठरलं. सल्लागार कसा असावा, याचा हा नमुना आहे. रोज येऊन लाटायला बसणारा माणूस वेगळा आणि वेळेवर दोन गोष्टींना ‘नाही’ म्हणणारा वेगळा. नव्या धंद्याला दोन्ही लागतात. आपण मात्र पहिल्या प्रकारचे दहा जमवतो आणि दुसऱ्या प्रकारचा एकही नाही.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने थांबलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली: पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. धंद्याची आखणी म्हणजे बहुतेक वेळा हे असं असतं. वर्षातले कोणते आठवडे आपल्याविरुद्ध आहेत ते ओळखायचं आणि त्यांची सोय करून ठेवायची. भाजणीला ओल चालत नाही, शेवेला दमट हवा चालत नाही, लोणच्याचा कच्चा माल वर्षातून एकदाच येतो. कॅलेंडरवर हे आठवडे आधी लाल शाईनं भरावेत, मग ऑर्डरी घ्याव्यात.

पुढे लिज्जतमध्ये जी पद्धत रुळली ती अशी: भिजवलेलं पीठ केंद्रातून घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड परत आणायचे, तपासून घ्यायचे, आणि वजनावर ठरलेली ‘वणाई’ घ्यायची. घरच्या वेळात होणारं काम घरी, आणि सगळीकडे एकसारखं व्हायला हवं असं काम, म्हणजे पीठ भिजवणं आणि तपासणी, केंद्रावर. मदत वाटून देताना हीच रेघ मारायची असते. भाजणीत निवडणं, भरणं, लेबल लावणं हे दुसऱ्याच्या हाती लवकर द्यावं. भाजणं आणि चव घेणं उशिरा द्यावं, आणि देताना अंदाज न देता मापं द्यावीत: कोणतं धान्य, किती ग्रॅम, किती मिनिटं. ‘थोडा रंग बदलला की उतरव’ ही सूचना आईला कळते, पगारी बाईला पहिल्या दिवशी कळत नाही. कृती मापात लिहिलेली नसेल तर मदतीची जाहिरात देण्यात अर्थ नाही.

मैत्रिणी-मैत्रिणी मिळून धंदा काढतात तेव्हा आणखी एक रेघ लागते. कामाची मजुरी आणि नफ्यातला वाटा वेगळे ठेवायचे. एकीनं पन्नास हजार घातले आणि दुसरीनं रोज सहा तास घातले, तर दोघींना ‘निम्मं-निम्मं’ देणं वरवर न्याय्य दिसतं. वर्षभरात ते नातं खातं. तास घालणारीला आधी मजुरी, मग उरलेल्या नफ्याची वाटणी, आणि जिला बाहेर पडायचं असेल तिचा हिशेब कसा करायचा तेही लिहून. भागीदारीचा करार साध्या भाषेत झाला तरी चालतो, पण गोडीगुलाबी आहे तोवर झाला पाहिजे.

कागदांची साखळी

कागदपत्रांची भीती अवास्तव असते आणि त्यांच्या क्रमाकडे होणारं दुर्लक्ष महाग पडतं. छोट्या खाद्य उत्पादकाला सुरुवातीला पूर्ण परवान्याऐवजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे, आधारवर होते आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी एजंटला पैसे देणं म्हणजे फुकटची मदत विकत घेणं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं. तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का हवा. पाकिटात वस्तू भरून विकणाऱ्याला त्या विभागाकडे पॅकर म्हणूनही नोंद करावी लागते.

खरी गोम क्रमात आहे. लेबलवर चौदा आकडी नोंदणी क्रमांक लागतो, म्हणजे नोंदणी आधी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे, म्हणजे कृती आधी पक्की. पोषणमूल्यं द्यायची तर प्रयोगशाळेचा अहवाल आधी. ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ छापायचं तर माल किती दिवस टिकतो ते पाहिलेलं हवं; पहिल्या घाण्यातली दहा-बारा पाकिटं फळीवर ठेवून दर आठवड्याला एक फोडून वास आणि चव घ्यावी लागते, आणि ही परीक्षा घाईनं उरकता येत नाही. एवढं झाल्यावर लेबल छपाईला जाणार, आणि छापखाना थोडी लेबलं परवडत नाहीत म्हणून हजारांत मागणी करणार. कृतीत मेथी वाढवली की ती हजार लेबलं रद्दी.

म्हणून तारखा शेवटाकडून मागे मोजाव्यात. दिवाळीत विकायचं आहे, तर दुकानदार आपली फळी काही आठवडे आधीच भरून ठेवतो. परदेशी पार्सलं त्याहून आधी निघतात. त्याच्या मागे छपाई, तिच्या मागे टिकाऊपणाची परीक्षा आणि नोंदणी, त्याच्या मागे कृती पक्की करणं. ही साखळी मागे मोजत नेली की दिवाळीची तयारी ज्येष्ठ-आषाढात सुरू करावी लागते हे दिसतं. पावसाळ्यातच पाकिटाची परीक्षा होते, हा वरचा फायदा. नवरात्रात बसून दिवाळीचा ‘ब्रँड’ काढणाऱ्याला यातली एखादी कडी गाळावीच लागते, आणि गाळली जाते ती टिकाऊपणाची परीक्षा.

अनुदानासोबत येणारा माणूस

सरकारी मदत म्हटलं की आपलं लक्ष टक्केवारीकडे जातं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं गेलं. बचत गटाच्या सदस्याला खेळत्या भांडवलासाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची सोय केली. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभागाकडे आली. पण तिच्यातली सगळ्यात शहाणपणाची तरतूद टक्क्यांत नाही. प्रत्येक जिल्ह्यात ‘संसाधन व्यक्ती’ नेमायची आणि तिनं प्रकल्प अहवाल, बँक, नोंदण्या या सगळ्यांत अर्जदाराचा हात धरायचा, हे योजनेतच लिहिलं. तिचं मानधन सरकारनं द्यायचं, अर्जदारानं नाही, हेही ठरलं. छोट्या उद्योजकाला पैशाइतकाच जाणता माणूस लागतो, ही कबुली त्यात आहे.

अनुदान हातात रोख येत नाही, हेही लक्षात ठेवावं. ते कर्जखात्याशी जोडून ठेवलं जातं आणि तीन वर्षं खातं नियमित राहिलं तर कर्जात वळतं होतं. तोवर कर्जाचे हप्ते चालूच. अनुदान आहे म्हणून मोठं यंत्र घ्यायचं आणि मग कळायचं की त्याला थ्री फेज वीज लागते, ते चालवायला शिकलेला माणूस लागतो आणि पूर्ण क्षमतेनं चाललं तर तेवढा माल विकणारं कोणी नाही. यंत्राच्या कोटेशनशेजारी दोन नावं लिहिता आली पाहिजेत: चालवणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं.

त्या आधीची मदत शिकण्याची. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ग्रामीण तरुणांना मोफत निवासी प्रशिक्षण देतात. जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ पासून आहेत, महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून. या प्रत्येकीकडे जाताना ‘काही योजना आहे का?’ असं विचारलं तर माहितीपत्रक मिळतं. ‘माझ्या यादीत विसाव्या ओळीपुढे नाव नाही, तिथे कोण मदत करील?’ असं विचारलं तर माणूस मिळण्याची शक्यता वाढते.

माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. सहीऐवजी अंगठे असलेल्या बायकांची बँक म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. बायका लिहायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. बँक सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. बँकेत यायचं तर बाईची दिवसाची कमाई बुडते. मग बँकच दारापर्यंत गेली. कमी व्याजाचं कर्जही मिळवायला दिवस मोडावा लागला तर ते बाईला महागच पडतं, हा धडा कर्ज देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे.

फळीवर अडकलेले पैसे

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. धान्य मात्र आधी आणावं लागे, वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्या आधीच उत्तम धंदा करत होत्या. चव होती, गिऱ्हाईक होतं, कष्ट होते. अडचण मधल्या दिवसांची होती.

आपल्या भाजणीला तीच अडचण येते. दुकानदार माल ठेवून घेतो आणि ‘विकलं की देतो’ म्हणतो. महिन्याची उधारी धरली तर चार आठवड्यांचा १६० किलो माल, २०० रुपये खर्चानं, म्हणजे ३२ हजार रुपये दुकानांच्या फळ्यांवर बसलेले. पहिली वसुली येण्याआधी एवढी रक्कम, शिवाय बिघाडासाठी थोडी गंगाजळी, हाताशी हवी. लोखंडी नांगरानं जमीन बिघडते असं शेतकऱ्यांना वाटे म्हणून किर्लोस्करांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यांना इतर कामांनी तारलं. नव्या धंद्यानंही पहिले काही महिने कशावर काढायचे, ते आधी ठरवावं.

मुद्रा योजनेत २०१५ पासून ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय मिळतं. ते यंत्राऐवजी या मधल्या दिवसांसाठी वापरणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. आणि वसुली हे स्वतंत्र काम आहे, ते कोणाच्या तरी नावावर हवं. ज्याला पैसे मागायला लाज वाटते त्याच्याकडे ते देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

एक पान

हे सगळं शेवटी एका पानावर मावतं. डाव्या बाजूला कामं: खरेदीपासून वसुलीपर्यंत, घरच्या स्वयंपाकापासून तराजूच्या शिक्क्यापर्यंत. मग तास. मग तारीख, शेवटाकडून मागे मोजलेली. मग नाव, आणि ते नाव आजारी पडलं तर दुसरं नाव. सगळ्यात उजवीकडे मजुरी, ती घरच्या माणसालाही. ‘सगळे मिळून करू’ असं कोणत्याही रकान्यात लिहायला बंदी.

घरच्यांना हे पान दाखवलं की कुणी तरी दुखावतं. ‘आम्ही काय परके आहोत, आमचे तास मोजायला?’ उत्तर शांतपणे द्यावं: परक्यांची मदत आपण मोजतोच, घरच्यांची मोजत नाही, म्हणून ती कधी संपली ते कळत नाही. सासूबाईंचे दोन तास लिहिले गेले की त्यांच्या गुडघ्यांचीही दखल घेतली जाते, आणि भाच्यानं केलेल्या बोधचिन्हाचे पैसे देता येतात.

बँकेचा प्रकल्प अहवाल यंत्रं, कच्चा माल, अपेक्षित विक्री विचारतो. तो अहवाल बँकेसाठी. हे पान आपल्यासाठी, आणि उद्घाटनाची तारीख या पानावरून ठरवावी, मुहूर्तावरून नंतर. एखाद्या ओळीपुढे नाव नसेल तर पत्रिका छापली असली तरी तारीख पुढे ढकलावी. पत्रिका पुन्हा छापायचा खर्च एकदाच होतो. त्या रिकाम्या ओळीचा दर आठवड्याला होत राहतो.